शिलाई मशीनच्या लाकडी कपाटाचा रंग सारखा सुटतोय? आधी पापुद्रा उलटा करून बघा

पाच वर्षांत तीनदा रंगवलं मी हे कपाट. पहिल्या दोन वेळा रंग सुटला, तिसऱ्यांदा धरला. त्याला आता तीन पावसाळे झाले. शिवायला येणाऱ्या बायका विचारतात, बहिणीकडच्या मशीनचीही तीच गत झाली, आणि प्रश्न दर वेळी तोच असतो: "चांगला महागातला ऑइल पेंट आणला होता गं, तरी पापुद्रे का निघतात?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मशीन आईचं. उषा कंपनीचं, पायाचं, 1981 साली घेतलेलं. काम संपलं की डोकं खाली कपाटाच्या पोटात सोडायचं, वरून झाकण टाकायचं, की त्याचं टेबल होतं. वरची फळी प्लायची, तिच्यावर सागाचं व्हिनियर (लाकडाचा चिकटवलेला पातळ थर), कडेला अस्सल सागाच्या पट्ट्या, बाजूला खण, खाली बिडाचा स्टँड. चाळीस वर्षांच्या पॉलिशचा रंग उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखा. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये आधीच उजेड कमी, त्यात हे काळं धूड. डोळ्यात खुपायचं.

पहिल्यांदा मी स्वतःच लावला. गणपतीच्या आठ दिवस आधी, पॉलिश पेपर नावाला फिरवून, वर थेट पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात. सुरेख दिसलं. दिवाळीची शिवणं सुरू झाली आणि जिथे माझं डावं कोपर टेकतं तिथला रंग उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा हातात आला.

दुसऱ्यांदा पेंटर बोलावला. त्याने भिंतीच्या कामातून उरलेली पुट्टी (ते लोक तिला लांबी म्हणतात) सगळीकडे ओढली, घासून आरशासारखी केली आणि वर रंग मारला. पुढच्या जूनमध्ये पट्ट्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या भेगा पडल्या. मशीन बसतं त्या खाचेभोवती पिवळे डाग, मग फोड, मग पापुद्रे. पेंटर म्हणाला, "वहिनी, लाकूडच खराब आहे."

लाकूड खराब नव्हतं. झाकणाची बिजागरी बदलायला आलेल्या सुतारकाकांनी खाचेजवळचा एक पापुद्रा नखाने उचलला, उलटा केला, अंगठ्याने चोळला आणि नाकाशी नेला. "हे बघा वहिनी, रंगाला काही झालेलं नाही. तेलावर बसवलाय तुम्ही त्याला. तो किती दिवस बसणार?"

पापुद्रा काय सांगतो

रंग सुटला की आपण डब्याला नावं ठेवतो आणि दुसऱ्या कंपनीचा डबा आणतो. ते करण्याआधी सुटलेल्या रंगाचे तीन-चार तुकडे वेगवेगळ्या जागांवरून काढा. कुठला तुकडा कुठून काढला तेही लक्षात ठेवा, कारण एकाच टेबलावर तीन वेगळी दुखणी असू शकतात. माझ्याकडे होती.

तुकड्याची मागची बाजू गुळगुळीत, काचेसारखी चमकणारी असेल, तर रंग जुन्या चकचकीत पॉलिशवर नुसता बसला होता, त्याला धरायला काही मिळालंच नव्हतं. माझ्या कोपराखालचा रंग असा होता. हे सगळ्यांत सोपं दुखणं.

मागची बाजू पिवळट-तपकिरी, बोटाला बुळबुळीत आणि वासाला मशीनच्या तेलाची असेल, तर लाकूड तेल प्यायलेलं आहे. हे सगळ्यांत चिवट, आणि पुन्हा पुन्हा रंग सुटतो तो बहुतेक यामुळेच.

मागे पांढरी भुकटी असेल, बोटावर खडूसारखी येत असेल, तर पुट्टीने दगा दिला. भिंतीची पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते. भिंत हलत नाही, लाकूड हलतं. त्यामुळे ती पहिल्यांदा तडकते आणि मग रंगाला घेऊन खाली येते. लाकडाला लाकडाचीच पुट्टी हवी, तीसुद्धा खड्ड्यापुरती. अख्ख्या फळीला नाही.

आणि मागे लाकडाचे बारीक तंतू चिकटून आले असतील, तर रंगाने पकड चांगली घेतली होती पण खालचं लाकूडच फुगून सैल झालं. तिथे पाणी कुठून येतंय ते शोधायचं. फरशी पुसताना ओला पोछा लागतो त्या खालच्या कडा, खिडकीकडची बाजू, आणि भिंतीला चिकटून उभी असलेली मागची फळी, या तीन जागा आधी बघा.

तेल: इथेच खरी लढाई

घरगुती मशीनचं तेल म्हणजे पातळ खनिज तेल. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, हे कधीच सुकत नाही. म्हणून तर ते मशीनला चालतं. चाळीस वर्षं दर पंधरवड्याला चार-चार थेंब पडले, त्यातला अर्धा थेंब जरी लाकडात उतरला तरी हिशेब करा. त्यात आमच्यासारखं डोकं खाली सोडायचं कपाट असेल तर ते आत कललेलं असताना उरलंसुरलं तेल रात्रभर ठिबकत राहतं. वरून पुसलं की फळी कोरडी दिसते. रंग लावला, ऊन पडलं, लाकूड तापलं की आतलं तेल हळूहळू वर येतं आणि रंगाला खालून उचलतं. प्रायमरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) दोन हात जास्त मारून काही होत नाही, मी ते करून बसले आहे.

आधी डोकं उतरवा. चामड्याचा पट्टा काढायचा, डोकं मागे कलवायचं, बिजागऱ्यांच्या दांड्या जिथे मशीनच्या तळात शिरतात तिथे दोन स्क्रू दिसतील. ते पूर्ण काढायचे नाहीत, सैल करायचे, आणि डोकं सरळ उचलून घ्यायचं. दहा-बारा किलोचा लोखंडी ऐवज आहे, एकटीने उचलू नका. जमिनीवर जुनी गोधडी अंथरून तिच्यावर ठेवा. जुना रंग पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढा. हीट गन (गरम हवेने रंग सोडवायचं यंत्र) मात्र इथे नको. उष्णतेने व्हिनियरखालचा गोंद सुटतो, आणि तेल-टर्पेंटाईनच्या जवळ ती चालवणं हा वेगळाच वेडेपणा.

खरवडताना आणखी एक काळजी घ्या. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर असू नये हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. कपाटावर त्याआधीचा रंग असेल तर कोरडा घासून धूळ उडवू नका. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा आणि निघालेला चोथा पिशवीत बांधून टाका.

आता तेल बाहेर ओढायचं. रंगाच्या दुकानात खडूची पावडर मिळते. ती नसेल तर मुलतानी माती घ्या, किंवा वासाची पर्वा नसेल तर अंगाला लावायची टाल्कम पावडर. ती मिनरल टर्पेंटाईनमध्ये कालवून घट्ट चक्क्यासारखी करा. चमचा उभा राहिला पाहिजे. खाचेभोवती चार बोटं रुंद आणि अर्ध्या बोटाच्या जाडीने थापा. खाचेच्या आतल्या उभ्या कडा विसरू नका. प्लायच्या कापलेल्या कडा वरच्या तोंडापेक्षा कितीतरी जास्त तेल पितात. वर प्लॅस्टिकचा कागद घालून तीन-चार तास ठेवा, म्हणजे टर्पेंटाईन आत उतरून तेल पातळ करेल. मग कागद काढा आणि रात्रभर उघडं सोडा. थर वाळताना तेल ओढून घेतो.

पहिल्या सकाळी माझा थर वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडेने उचलला गेला होता. वरून पांढरा. उलटा केला तर खालून चक्क हळदीच्या दुधाचा रंग, आणि सुईपट्टीच्या बाजूला, जिथे तेलाची बुधली नेहमी कलंडायची, तिथे गडद तपकिरी चंद्रकोर. चंद्रकोर पुसून टाकायच्या आधी मी आईला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "ती बुधली तुझ्याच हातून सांडायची." असेल.

हा लेप एकदा देऊन भागत नाही. मला चार वेळा द्यावा लागला. पुरेसं झालं की नाही हे ओळखायचं साधं आहे: शेवटच्या लेपानंतर दोन दिवस फळी वाळू द्या, मग कोरा पातळ कागद ठेवून त्यावर काहीतरी जड ठेवा. मी वरवंटा ठेवला होता. रात्र गेल्यावर कागद उजेडात धरा. वड्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग दिसला, तर आणखी एक लेप. वर्तमानपत्राची रद्दी यासाठी घेऊ नका, शाई फळीवर उतरते.

टर्पेंटाईनचं काम खिडक्या उघड्या ठेवून करा, आणि त्या वेळी घरात गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा काहीही पेटतं नको. नंतर कधी जवसाचं तेल वापरलंत, तर त्याच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मोकळी पसरून वाळवा आणि मग टाका.

तेलाच्या डागावर सनमायका चिकटवला की प्रश्न मिटला असं एका ओळखीच्या दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. मिटत नाही. चिकटवायला लागतो तो गोंदच, आणि गोंदालाही तेल तेवढंच नको असतं. बहिणीच्या मशीनवरचा सनमायका खाचेपाशी ओठासारखा उलटलाय.

खाली कोणतं पॉलिश आहे

तेल नसलेल्या भागातलं जुनं पॉलिश सगळं काढायलाच हवं असं नाही. आधी ते कोणतं आहे ते बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही तिथे, स्पिरिटचा थेंब टाका आणि मिनिटभराने बोट लावा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश, ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो. काहीच झालं नाही तर शेजारी थिनरचा थेंब. त्याने मऊ झालं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). जुन्या मशीनवर बहुतेक वेळा लाखच निघते.

लाखेचं पॉलिश घट्ट बसलेलं असेल तर तो रंगाखालचा उत्तम थर आहे. त्याला टर्पेंटाईनने पुसा, म्हणजे वरचं मेण आणि हातांचा मळ निघेल. मग 220 नंबरच्या पेपरने सगळी चमक मरेपर्यंत घासा. "चमक मरेपर्यंत" हे शब्द महत्त्वाचे आहेत. तिरप्या उजेडात बघितलं की जिथे जिथे चकाकी दिसते तिथे तिथे उद्या रंग सुटणार. व्हिनियर अर्धा मिलिमीटर जाडीचंसुद्धा असतं, तेव्हा 80 नंबरचा पेपर आणि घासायचं मशीन दोन्ही दूर ठेवा. एकदा खालचा प्लाय उघडा पडला की ती जागा रंगाखालूनही कळते.

फर्निचर चमकवायचा स्प्रे वर्षानुवर्षं मारला असेल तर वेगळीच गंमत होते: ब्रश फिरवताच रंग जागोजागी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे उरतात. ते सिलिकॉन. तिथे ओल्या रंगावर पुन्हा पुन्हा ब्रश मारून उपयोग नाही. रंग पुसून काढा, टर्पेंटाईनने दोन-तीनदा धुवा, दर वेळी नवी चिंधी घ्या, आणि लाखेचा हात दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पांढऱ्या रंगातून वर येणारे तपकिरी डाग

हे डाग मात्र तेलाचे असतीलच असं नाही. साग आणि शिसव या दोन्ही लाकडांत स्वतःचा रंग आणि स्वतःचं तेल असतं. वरून पांढरा रंग लावला, विशेषतः पाण्यातला, की लाकडातला रंग विरघळून वर येतो. चार हात मारा, पाचव्यातूनही डाग वर येतो. तेलाचा डाग बोटाला लागतो, हा लागत नाही, एवढा फरक.

यावर उपाय पुन्हा लाखच. चपडा लाख 100 ग्रॅम, स्पिरिट अर्धा लिटर, काचेच्या बरणीत एक रात्र. लोखंडी डब्यात अजिबात नको, लाख काळी पडते. सकाळी खाली गढूळ साका बसलेला दिसेल, ते लाखेतलं मेण. तो न हलवता वरचं नितळ द्रावण गाळून घ्या, कारण मेणावर पुढचा थर नीट धरत नाही. सुती कापडाच्या बोळ्याने दोन पातळ हात द्या, मध्ये तासभर वाळू द्या. दुकानातली तयार बाटली घेतलीत तर थेंबभर काचेवर टाकून बघा. दुसऱ्या दिवशीही चिकट राहिली तर लाख शिळी आहे, ती कधीच वाळणार नाही. घरी केलेलीही सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका.

पावसाळ्यात लाख लावली की वर दुधाळ ढग येतो. हवेतलं बाष्प अडकतं. कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी ओझरता हात फिरवला की तो बहुधा जातो. पण मुळात पावसाळ्यात लावूच नका, त्याविषयी खाली.

फळीची खालची बाजू कुणी बघत नाही, म्हणून

सुतारकाकांनी टेबल आडवं केलं आणि फळीखाली हात फिरवायला सांगितला. कोरं, खरखरीत लाकूड. कारखान्यातून आलं तेव्हापासून तिथे पॉलिश नव्हतंच, आणि आम्हीही दोन्ही वेळा फक्त दिसणारी बाजू रंगवली.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. हवेत 65 टक्के आर्द्रता असताना त्यात साधारण 12 टक्के पाणी असतं. आपल्याकडे जुलैमध्ये आठवडेच्या आठवडे 90 टक्के आर्द्रता राहिली की ते 20 च्या आसपास जातं. वरची बाजू रंगाने बंद आणि खालची उघडी असेल, तर पाणी फक्त खालून शिरतं, खालची बाजू फुगते आणि फळी वाकते. प्लाय त्यातल्या त्यात कमी हलतो, कडेच्या अखंड सागाच्या पट्ट्या जास्त. म्हणून भेगा नेमक्या सांध्यांवर पडतात. खण पावसाळ्यात अडकतात ते यामुळेच. ते रंध्याने तासू नका, डिसेंबरमध्ये खुळखुळतील. सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासा, काम होतं.

तर खालची बाजू, खाचेच्या कडा, झाकणाचं पोट, मागची फळी, सगळीकडे लाखेचे किंवा प्रायमरचे दोन हात द्या. दिसायला कसेही असोत. या एका कामाने जेवढा फरक पडला तेवढा महागाच्या रंगाने पडला नसता.

आता वेळ. आपल्याला रंगकाम सुचतं ते गणपतीच्या तोंडावर किंवा दसऱ्याआधी. पाहुणे येणार असतात ना. लाकडात पाणी सगळ्यांत जास्त असतं तेही तेव्हाच. त्यावर रंगाचं झाकण घातलं की ते पाणी हिवाळ्यात बाहेर पडताना रंग उचलतं. मी तिसऱ्यांदा काम काढलं ते डिसेंबरमध्ये, लग्नाची शिवणं थोडी बाजूला ठेवून.

व्हिनियरचे फुगे

टिचकी मारली की पोकळ वाजतं ती जागा पेन्सिलने घेरा. तंतूंच्या दिशेने ब्लेडने चीर द्या, सुई काढलेल्या सिरिंजने किंचित पातळ केलेला फेविकॉल आत सोडा, प्लॅस्टिकचा कागद ठेवून वर वजन. फेविकॉल बाजारात आला 1959 साली, त्याआधीचं घरातलं खरोखर जुनं मशीन असेल तर त्याचं व्हिनियर बहुधा सरसाने चिकटवलेलं असणार. तिथे नवा गोंद न घालताही जमतं: ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री दहा-बारा सेकंद दाबायची, सरस वितळतो, मग लगेच वजन ठेवायचं. वर लाखेचं पॉलिश असेल तर तिथे पांढरं पडेल, पण रंगच लावायचा असेल तर काय बिघडलं?

रंगाची पाळी, आणि त्याआधी एक परीक्षा

लाखेवर ऑइल बेस वूड प्रायमरचा एक पातळ हात. तीन दिवस थांबा. मग कुठल्यातरी आडबाजूला आणि एकदा खाचेजवळ ब्लेडने बारीक चौकटी पाडा, साधारण दोन मिलिमीटरच्या, सहा उभ्या सहा आडव्या. वर सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर पुढे जा. टेपवर निम्म्या आल्या तर थांबा आणि पहिल्यापासून बघा. प्रायमरच्या वेळी कळलं तर एक दिवस वाया जातो, दिवाळीत कळलं तर वर्ष. माझी खाचेजवळची पहिली परीक्षा नापास झाली होती, चौथा लेप त्यानंतरचा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, लांबवत नाही. 320 ने हलकं घासणं, ओल्या फडक्याने नाही तर टर्पेंटाईनच्या चिंधीने धूळ टिपणं, छोट्या फोमच्या रोलरने इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण एक दिवस. जाड एक हात देऊन दोघांचं काम करायला जाऊ नका.

चॉक पेंटची (खडूसारखा, बिनचमकीचा दिसणारा रंग) सध्या चलती आहे. शोभेच्या कपाटाला छान दिसतो. रोज चालणाऱ्या मशीनला मी तो लावणार नाही: तो तेल शोषतो, आणि वरचा मेणाचा हात वर्षाला परत द्यावा लागतो. रंग पांढराच का हवा, हाही प्रश्न स्वतःला विचारा. मी शेवटी शेवाळी हिरवा घेतला. आणि तुमचं कपाट अखंड सागाचं असेल, व्हिनियरचं नाही, तर कृपा करून रंगवूच नका. मळ काढून नवं लाख पॉलिश द्या, तेच त्याचं नवं रूप.

झाकण चिकटतंय

हाताला सुकलेला वाटणारा रंग आतून सुकायला तीन-चार आठवडे घेतो. तेवढ्यात झाकण बंद केलं, वर टीव्हीचा रिमोट आणि फुलदाणी ठेवली, की झाकण फळीला चिकटतं आणि उघडताना रंगाचे टवके उचलून आणतं. आठवडाभर झाकण उघडंच ठेवा. पुढे महिनाभर जिथे लाकूड लाकडाला टेकतं तिथे बोटाने थोडी टाल्कम लावा किंवा कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या. आणि त्या महिन्यात पांढरं कापड शिवायला घेऊ नका. मी घेतलं होतं, मुंजीचा झब्बा होता, जास्त सांगत नाही.

बिडाच्या स्टँडला तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड प्रायमर, काळा इनॅमल. पायडलच्या दांडीच्या टोकांना आणि चाकाच्या आसाला रंग लागू देऊ नका, नाहीतर मशीन जड चालतं. पट्टा सगळं वाळल्यावरच चढवा.

पुन्हा तेल पिऊ नये म्हणून

तेल घातल्यावर दोन मिनिटं चिंधीवर रिकामी शिलाई मारा, खाली आलेलं टिपून घ्या. डोकं खाली सोडण्याआधी पोटात जुन्या टॉवेलची घडी ठेवा आणि ती महिन्याला बदला. एवढंच. आमची घडी दर महिन्याला पिवळी होते, म्हणजे तेल अजून पडतंय, फक्त लाकडात जात नाही.

दसऱ्याला मशीनची पूजा होतेच. हळदीचा डाग नव्या रंगावर पडला तर साबणाने घासू नका, साबणाच्या क्षाराने हळद लाल होते आणि मग ते कुंकू वाटायला लागतं. कोरड्या फडक्याने पुसा आणि मशीन चार दिवस खिडकीच्या उन्हात सरकवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

एक जागा मी रंगवली नाही. पुढच्या पट्टीवर आईने सुरीने इंचाइंचाच्या बारा खाचा पाडलेल्या आहेत, सहावर आणि नऊवर जरा खोल, मोजपट्टी शोधायला उठावं लागू नये म्हणून. माझ्या पहिल्या रंगात त्या बुजल्या, पेंटरच्या पुट्टीने पार गाडल्या. तिसऱ्यांदा खरवडताना वरचं सगळं निघालं आणि खाचांमध्ये मात्र पुट्टी घट्ट बसून राहिली. सुतारकाका ती टोकरायला निघाले होते, मी थांबवलं. वर नुसती लाख दिली. काळ्या सागावरच्या त्या पांढऱ्या रेघा आईला आता चष्म्याशिवाय दिसतात.